पॉवर काईटची लाईन तुटली, एकच बदलू की चारही?

मी_पामर
मंडळी, धागा तुटला म्हणून धागा काढतोय, हसू नका. पाच स्क्वेअर मीटरचं चार लाईनवालं फॉइल (माणसाला ओढणारी कापडी काईट) आहे, दोन मेन लाईन्स ओढ घेणाऱ्या आणि दोन ब्रेकच्या, हँडलवर उडवायचं, फिक्स्ड ब्रायडल, म्हणजे काईटखालच्या बारीक दोऱ्यांचं माप बदलता येत नाही. सेकंडहँड घेतलेलं, लाईन्स त्याच्याबरोबर आल्या त्याच वापरत होतो, किती जुन्या ते देव जाणे. परवा वारा मस्त होता, काईट डावीकडून उजवीकडे जरा रेटून आणली आणि मधेच टप्प असा आवाज, उजवा हात एकदम हलका, मी बुडावर आणि काईट भोवऱ्यासारखी गरगरत खाली. उजवी मेन लाईन गेली. आजूबाजूला कुणी नव्हतं म्हणून बरं.

आता प्रश्न असा की एकच लाईन आणून लावू का चारही बदलू? किती किलोची घेऊ? माझ्याकडे २५ मीटरच्या आहेत, कोणी म्हणतं २० घे. जुन्या लाईन्स ३०० च्या आहेत असं विकणारा म्हणाला होता. मग ३०० किलोची एवढ्या सहज तुटली कशी हेच कळेना. माझं वजन सगळं धरून ७४.

झुळूक
वाचतेय. माझ्याही लाईन्सना केसाळपणा आलाय, हेच विचारणार होते.

उलटा_पतंग
एवढं काय त्यात, तुटली तिथे गाठ मार आणि दुसऱ्या बाजूची लाईन तेवढीच कापून टाक. मी दोन वर्षं गाठ मारलेल्या लाईनवर उडवतोय, काही झालेलं नाही.

सुतावरून_स्वर्ग
उलटा_पतंग, तुमचं नाव सार्थ होऊ नये एवढीच इच्छा :)

पामरा, काही घ्यायच्या आधी एक काम कर. तुटलेलं टोक उजेडात धर आणि नीट बघ. टोकाला पिंजलेल्या कापसासारखा फुलोरा असेल तर झिजून गेली. टोक कडक, चकचकीत, मेण वितळून थिजल्यासारखं लागत असेल तर घर्षणाने तापून गेली. आणि सरळ सपाट असेल तर कशावर तरी कापली गेली, दगड, शिंपला, काहीही. आणि तुटली कुठे तेही सांग, हँडलकडे, मधे, का काईटकडे? ते कळल्याशिवाय नवीन आणलीस तर तीही तशीच जाईल.

मी_पामर
बघितलं. मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघितलं. काईटकडच्या टोकापासून वीतभर अंतरावर. तिथे आधीच्या मालकाने बहुतेक जोड दिलेला, कारण एक बारकी गाठ होती असं आता लक्षात येतंय, दुसऱ्या तुकड्यावर तिचा अर्धा भाग अजून आहे. तुटली ती बरोबर गाठीच्या तोंडाशी. चारपाच पदर फुललेत आणि दोन पदर टोकाला कडक मण्यासारखे झालेत, नखाने टोचतात.

सुतावरून_स्वर्ग
मग सापडला चोर.

ही लाईन म्हणजे डायनीमा किंवा स्पेक्ट्रा, नावं दोन, माल एकच, पॉलिएथिलीनच. आपल्या पिशव्या ज्याच्या असतात त्याचाच नातेवाईक, फक्त रेणूंच्या साखळ्या प्रचंड लांब आणि सगळ्या एका दिशेला ताणून बसवलेल्या. म्हणून सरळ ओढलीत तर अफाट ताकद, वजनाला इतकी हलकी की पाण्यावर तरंगते. पण दोन खोडी आहेत. एक म्हणजे तिला वाकडं वळण सोसत नाही. उघड्या लाईनला साधी गाठ मारली की ताकद निम्म्यावर येते, कधी त्याच्याही खाली, कारण गाठीत बाहेरच्या पदरांवर सगळा भार आणि आतले नुसतेच बसलेले. दुसरी म्हणजे उष्णता. ही साधारण १५० अंशांच्या आतच वितळते, पॉलिएस्टरला २५० च्या वर जावं लागतं. झटका बसला की गाठ आवळते, आवळताना घासते, घासली की तापते. तुझा मणी तिथला आहे.

म्हणून लाईनच्या टोकाला जिथे फास करायचा तिथे आधी पॉलिएस्टरची पोकळ स्लीव्ह चढवतात आणि मग गाठ मारतात. स्लीव्हमुळे वळण जरा मोठं होतं आणि घासायचं ते स्लीव्ह घासते. लाईनच्या मधे गाठ म्हणजे तिथे स्लीव्हही नाही, काहीच नाही. उलटा_पतंग, तुमची गाठ टिकली कारण तुमची काईट लहान असणार.

उलटा_पतंग
दीड मीटरची आहे :( बरं, मागे घेतो.

दोरखंडे
३०० ची भानगड मी सांगतो, विकणारा खोटं बोलला नसेल. लाईनवर आकडा किलोत असतो, पाउंडात असतो आणि कधी डेकान्यूटनात. डेकान्यूटन आणि किलो जवळपास एकच धरून चाला, पण ३०० पाउंड म्हणजे फक्त १३६ किलो. त्यात गाठ, म्हणजे उरले सत्तर धर, त्यात वय, वाळू, ऊन. तुझ्या ७४ किलोच्या शरीराला बुडावर बसवणारा झटका एका हातावर आला की संपलंच ना राव. तेव्हा पाकिटावर आकडा बघताना त्याच्या पुढची बारीक अक्षरं आधी वाच. ५०० पाउंड म्हणजे २२७ किलो, हे डोक्यात ठेव, दुकानात उपयोगी पडतं.

माझं मत, पाच स्क्वेअर मीटरच्या काईटला मेन २०० किलोच्या खाली नको, बगीत (काईटने ओढायच्या तीनचाकी गाडीत) बसून उडवणार असशील तर ३०० कडे जा. काईटच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असतो तो पहिला, माझं दुसरं. आणि ओढ वाऱ्याच्या वर्गाने वाढते हे विसरू नको. वारा १५ वरून ३० किमीला गेला तर ओढ दुप्पट नाही, चौपट. लाईन तुटते ती नेहमी त्या एका झोतात, सरासरी वाऱ्यात नाही.

ब्रेक लाईनबद्दल लोक हमखास चुकतात. "ब्रेकवर लोड कुठे येतो, घे बारीकशी" असं म्हणतात. उडताना येत नाही, खरंय. पण तू मनगटाला सेफ्टी पट्टे लावतोस ना, हँडल सोडून दिले की अख्खी काईट कशावर लटकते? ब्रेक लाईन्सवरच. म्हणजे ज्या क्षणी तू सगळ्यात जास्त घाबरलेला असतोस त्या क्षणी सगळा कारभार त्या बारीक दोऱ्यांवर. १०० किलोच्या खाली मी तरी जाणार नाही.

भणंगवारा
दोरखंडे साहेबांचं नेहमीचं, जाड घ्या, अजून जाड घ्या. एक दिवस जहाजाचा दोर लावतील.

जरा हिशेब करून बघा. चार लाईन्स, प्रत्येकी २५ मीटर, म्हणजे हवेत १०० मीटर दोरी. लाईन दीड मिलिमीटरची असेल तर वाऱ्याला आडवं क्षेत्रफळ झालं ०.१५ स्क्वेअर मीटर. दोन मिलिमीटरची घेतलीत तर ०.२. पाच मीटरच्या काईटमागे ही एवढी गोल काठी वाऱ्यात ओढत न्यायची. हलक्या वाऱ्यात लाईनला पोट येतं, म्हणजे झोळ पडतो, आणि मग हात ओढलास तरी आधी झोळ सरळ होणार मग काईटला कळणार. माझ्याकडे दोन सेट आहेत, एकच काईट, आणि शपथेवर सांगतो जाड सेट लावला की वाटतं कोणीतरी काईटला झोपेची गोळी दिली.

तेव्हा गरजेपुरतं जाड, पुढे नाही.

दोरखंडे
भणंगराव, गरज कोण ठरवणार, तुम्ही का वारा?

भणंगवारा
हा हा, मान्य. पण तुम्ही ३०० म्हणालात की नवखा माणूस ५०० घेतो, अनुभव आहे. २०० आणि १०० ला माझी हरकत नाही. आधी हेच म्हणाला असतात तर भांडण झालं नसतं.

झुळूक
मधेच विचारते, मासेमारीची ब्रेडेड लाईन मिळते ती पण डायनीमाच असते ना? आणि साधी नायलॉनची? भाऊ म्हणतो त्याच्याकडे रीळच्या रीळ पडून आहे.

सुतावरून_स्वर्ग
झुळूकताई, नायलॉन अजिबात नको, भावाला परत द्या. तुटायच्या आधी पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त ताणते. २५ मीटरची लाईन पाच मीटर लांब होऊ शकते असं धरा, रबरबँडवर काईट उडवल्यासारखं. तुम्ही वळवाल आता, ती वळेल मग. डायनीमा तुटेपर्यंत साडेतीन टक्क्यांच्या आसपासच ताणते आणि रोजच्या ओढीला त्यातलं थोडंसंच. सगळी मजा त्याच्यातच आहे, बोट हललं की तिकडे कळलं.

मासेमारीची ब्रेडेड माल तोच असतो पण बारीक, त्यामुळे तेवढ्याच ओढीला हाताला, पायाला सुरीसारखी लागते, गुंता झाला तर सुटत नाही आणि बऱ्याचशा अशा रंगाच्या की हवेत दिसतच नाहीत. दिसत नाही म्हणजे चालणाऱ्या माणसाला पण दिसत नाही. छोट्या दोन लाईनच्या खेळण्याला ठीक, तुमच्या काईटला नको.

आणि कोणी केव्हलार सुचवलं तर त्याच्या नादी लागू नका. ताणत नाही, गरमही सोसते, पण खरखरीत असते आणि शेजाऱ्याच्या डायनीमाला करवतीसारखी कापते. डायनीमा गुळगुळीत असते म्हणून तर काईटला दोनतीन गिरक्या मारल्या, लाईन्सना पीळ पडला तरी एकमेकींवरून सुळकन सरकतात आणि स्टिअरिंग चालू राहतं.

अवांतर: दुसऱ्याच्या लाईनशी आपली अडकली तर ओढाताण करू नका. एक लाईन एका जागी स्थिर आणि दुसरी तिच्यावरून मीटरन् मीटर धावतेय असं झालं की स्थिरवाली एकाच बिंदूवर तापते आणि सेकंदात खलास. दोघांनीही चालत एकमेकांकडे जायचं, ताण सोडायचा, मग सोडवायचं. आणि ताणात असलेली लाईन हाताने धरायची नाही, कधीच नाही, ग्लोव्ह असला तरी नाही.

मी_पामर
बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. लांबीचं कोणीच बोललं नाही अजून. २० का २५?

भणंगवारा
हा माझा विषय. काईट तुझ्याभोवती एका अर्ध्या घुमटावर फिरते आणि त्या घुमटाची त्रिज्या म्हणजे तुझी लाईन. एका कडेपासून डोक्यावरून दुसऱ्या कडेपर्यंत २५ मीटरला साधारण ७८ मीटरचा प्रवास, १५ मीटरला ४७ चा. लांब लाईनवर काईटला वेग घ्यायला जास्त रस्ता मिळतो, वर जरा चांगला वारा मिळतो, म्हणून हलक्या वाऱ्यात लांब बरी. पण प्रत्येक चूकही तेवढीच लांब चालते. छोट्या लाईनवर काईट चटपटीत होते, एका कडेवरून दुसऱ्या कडेला लगेच पोचते, ओढ येते आणि जाते. जोराच्या वाऱ्यात किंवा जागा कमी असेल तर २० किंवा त्याहून कमी.

जागेचा हिशेब पण कर. लाईन २५ ची म्हणजे वारा येतो त्या तुझ्या पाठीच्या बाजूला नाही, समोर, म्हणजे वारा जिकडे जातो तिकडे २५ मीटर अधिक काईट अधिक तू घसरत जाशील तेवढं, सगळं मोकळं पाहिजे. विजेच्या तारा दिसत असतील तर ती जागाच सोड.

तुझ्यासारख्याने २० घ्यावी असं मला वाटतं, आणि नंतर पाच मीटरचे जोड-तुकडे घेता येतात, दोन्ही टोकांना स्लीव्हचे फास असलेले. फासात फास अडकवला की २५. पण जोड चारही लाईन्सना एकाच लांबीचे हवेत, नाहीतर पुढचं सगळं मुसळ केरात.

दोरखंडे
आणि एकच लाईन बदलायचं सांगायचं राहिलं. नाही. जुन्या तिघी ताणून ताणून लांब झालेल्या, नवी ताणायची बाकी. आज मापून लावलीस तरी चार दिवसांनी ती आपली जागा धरेल आणि काईट एका बाजूला खेचायला लागेल. किमान जोडी बदल, आणि तुझ्या केसमध्ये सेकंडहँड, वय माहीत नाही, गाठ सापडलेली, तर चारही. तयार सेट मिळतो, स्लीव्ह चढवून मापून दिलेला. रीळ घेऊन घरी केलं तर स्वस्त पडतं पण संयम पाहिजे.

मी_पामर
रीळ आणलं! मेन २०० किलो, ब्रेक १०० किलो, २० मीटर. संयम आहे का ते आता कळेल.

सुतावरून_स्वर्ग
मग ऐक. स्लीव्ह वीतभर-सव्वा वीतभर कापायची, फास आणि गाठ दोन्ही तिच्या पोटात यायला हवेत, गाठ स्लीव्हच्या बाहेर उघड्या लाईनवर आली तर केलेलं सगळं वाया. बारीक तार दुमडून स्लीव्हमधून घालायची, तिच्या कानात लाईन अडकवायची आणि हळूच मागे ओढायची. पदर सुटत असतील तर टोकाला आधी चिकटपट्टीचा निमुळता वेढा दे, नाहीतर आत अडकून बसते आणि तू शिव्या घालत बसतोस. मग दुमडून आठ आकड्याची गाठ. आवळण्याआधी गाठ ओली कर, थुंकीने चालतं, कोरडी आवळलीस तर तिथेच थोडी भाजते.

खरी गोम पुढे आहे. प्रत्येक गाठ लाईनची थोडी थोडी लांबी खाते. आधी लाईन मापून कापली आणि मग गाठी मारल्या तर चारी चार वेगळ्या होतात. एका टोकाचे फास आधी पूर्ण कर, ते चारही एकाच मजबूत खुंटीला अडकव, मग दुसऱ्या टोकाला सगळ्या एकत्र सारख्याच ताणून मार्करने खूण कर, फासाचं टोक त्या खुणेवर यायला पाहिजे. फरक एक सेंटिमीटरच्या आत ठेव.

काही लोक गाठीऐवजी स्प्लाइस करतात, म्हणजे लाईन लाईनच्याच पोटात परत घालायची. पोकळ विणीची लाईन असेल तर सुंदर होतं, ताकदही गाठीपेक्षा पुष्कळ जास्त राहते. पण घट्ट विणीच्या बारीक लाईनला ते करणं म्हणजे सुईच्या नेढ्यातून उंट. पहिल्या वेळी नको.

मी_पामर
अपडेट देतो. दोन संध्याकाळी गेल्या. सातवी गाठ मारेपर्यंत हात बसला आणि मग पहिल्या तीन सोडून परत मारल्या. खुंटीला बांधून मापलं, चारही अर्ध्या सेंटीत. स्वतःवरच खूश.

काल उडवली. पहिला अर्धा तास स्वर्ग. वळवायची म्हटलं की वळली, जुन्या लाईनवर हे कधी अनुभवलंच नव्हतं. मग हळूहळू काईट आळशी झाली. वर जाईना, डोक्यावर नेली की मागे मागे सरकायची, शेवटी तर उलटी चालत शेपटीवर खाली आली. वारा तोच होता. लाईन्स बघितल्या, सगळ्या धडधाकट. काय चुकलं?

उलटा_पतंग
वारा वर कमी झाला असेल.

दोरखंडे
नाही नाही. पामरा, खुंटीला मापताना ताण किती दिला होतास? हाताने ओढलंस ना नुसतं?

मी_पामर
हो, हाताने. चांगलं ओढलं की.

दोरखंडे
मग झालं तर. नवी लाईन विणलेली असते, तिचे पदर अजून एकमेकांत नीट बसलेले नसतात. भार आला की ते बसतात आणि लाईन लांब होते. उडताना भार कोणावर? मेनवर. त्या लांबल्या, ब्रेक जवळपास होत्या तेवढ्याच राहिल्या. म्हणजे मेनच्या हिशेबात ब्रेक आखूड झाल्या, आणि तू हात न लावता काईट कायम थोडे ब्रेक दाबून उडतेय. म्हणून वर जाईना, म्हणून मागे चालली. आता परत खुंटीला लाव आणि फरक सांग.

मी_पामर
लावली. डाव्या मेन आणि डाव्या ब्रेकमधे साडेचार सेंटी. उजवीकडे पाच. चेष्टा वाटेल पण काल खुंटीपाशी चारही फास एका रेषेत होते, फोटो आहे माझ्याकडे, आज पायरी पडलीय.

सुतावरून_स्वर्ग
फोटो जपून ठेव, नव्या लोकांना दाखवायला कामाला येईल.

लाईन कापू नको लगेच. हँडलच्या खालच्या टोकाला ब्रेकची जी शेपटी असते, लीडर, तिच्यावर दोनतीन गाठी असतील ओळीने. ब्रेक लाईनचा फास आत्ता हँडलच्या जवळच्या गाठीवर असेल, तो बाहेरच्या गाठीवर ने. म्हणजे ब्रेक लांब झाले. पण आधी चारही लाईन्स खुंटीला लावून अंगाचा भार देऊन ताण. एकेक नाही, डावी-उजवी मेन एकदम, मागे रेलून दोनतीन मिनिटं, मग ब्रेक तसेच पण निम्म्या जोराने. लाईन बसली की मग लीडर जुळव. काईट डोक्यावर असताना ब्रेक लाईन्सना हलकासा झोळ दिसला पाहिजे, आणि हँडल जरा वाकवलं की तो लगेच संपला पाहिजे.

डावी-उजवी मधला अर्ध्या सेंटीचा फरक मात्र लीडरवर टाकू नको, ती गाठ परत मार.

झुळूक
हे सगळं करून झाल्यावर लाईन्स किती दिवस टिकतात? आणि धुवायच्या का?

भणंगवारा
दिवसात नाही सांगता येत, वाळूत किती लोळवता त्यावर आहे. वाळूचा कण विणीत शिरला की आतून कापत बसतो. खारं पाणी वाळलं की त्याचे स्फटिक तेच करतात. मी कोमट साध्या पाण्यात बुडवून ठेवतो, साबण नाही, सावलीत वाळवतो. झिजतं ते नेहमी काईटकडचं टोक, कारण उतरवताना तेच जमिनीवर घासतं. म्हणून हंगामाच्या मध्यावर लाईन्सची टोकं उलटी लावतो, काईटकडची हँडलकडे. दोन्ही टोकांना सारखे फास केले असतील तरच जमतं हे. आणि गुंडाळताना हँडलभोवती आठ आकड्यात गुंडाळा, गोल गोल नाही, एका बाजूचा पीळ दुसरी बाजू सोडवते.

बोटातून लाईन सरकवून बघायची सवय ठेवा. केसाळ चालेल, पण चपटी, कडक किंवा अचानक बारीक लागली तर तो तुकडा गेला.

मी_पामर
ताणल्या, गाठ परत मारली, लीडर एक गाठ बाहेर नेला. आज तीन तास उडवली, काईट डोक्यावर स्वस्थ उभी, हात स्थिर धरले की ठेवली तिथेच. संध्याकाळी परत मापलं, अजून एक सेंटी लांबल्यात मेन. अजून किती लांबणार आहेत बाईसाहेब?

दोरखंडे
अजून दोनतीन वेळा थोडं थोडं, मग थांबेल. मापत राहा.

मी_पामर
ओके. आणि जुन्या लाईन्स फेकवेनात म्हणून गच्चीत कपडे वाळत घालायला बांधल्या. दुपारी बघतो तर सगळे कपडे चिमट्यांसकट घसरत मधोमध जमा झालेत आणि एका टोकाची गाठ आपोआप सुटत आलीय. आईने विचारलं हा कसला दोर आणलास म्हणून, तर हा सगळा धागाच वाचायला दिला तिला.